बगॅसच्या कोळशात कार्बन डायऑक्साइड पकडता येईल का, साठवता येईल का?

मोहोळ तालुक्यातल्या, रसायनशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. तिच्या गावाजवळ साखर कारखाना आहे आणि त्याला जोडून डिस्टिलरी. बगॅसपासून (उसाच्या चिपाडापासून) सच्छिद्र कोळसा करायचा, चिमणीतून जाणारा कार्बन डायऑक्साइड त्यात पकडायचा आणि साठवून ठेवायचा, असा प्रकल्प तिच्या मनात आहे. हा कोळसा झिओलाइट (ॲल्युमिनियम-सिलिकॉनचे सच्छिद्र खनिज) किंवा एमओएफ (धातू आणि सेंद्रिय रेणूंचे सच्छिद्र स्फटिक) यांच्यापुढे कितपत टिकेल आणि प्रयोगशाळेत नेमके काय मोजावे, हेही तिने विचारले आहे.

बगॅसच्या कोळशात हा वायू पकडता येतो, यात शंका नाही. साठवण मात्र त्यात करू नका. आणि सुरुवात चिमणीपासूनही करू नका, कारण तुमच्याच कारखान्याच्या आवारात याहून कितीतरी सोपी जागा आहे. माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे वायू वेगळे करणाऱ्या टॉवरांवर गेली. त्यामुळे उत्तर लांबेल, पण सोलापूर जिल्ह्यासाठी हा विषय फार मोलाचा आहे आणि तो वरवर सांगून भागणार नाही.

आधी साठवणीचा हिशेब मांडू. अधिशोषण म्हणजे वायूचे रेणू घन पदार्थाच्या पृष्ठभागाला चिकटून राहणे. बाजारात मिळणारा, नारळाच्या करवंटीचा चांगला ॲक्टिव्हेटेड कार्बन २५ अंश सेल्सिअसला, वातावरणाच्या दाबाच्या शुद्ध कार्बन डायऑक्साइडमध्ये किलोमागे साधारण १०० ग्रॅम वायू धरतो. बॉयलरच्या धुरात हा वायू १२ ते १५ टक्केच असतो. तिथे तोच कोळसा किलोमागे २५ ते ३५ ग्रॅमवर येतो. पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरून केलेला उत्तम कोळसा शुद्ध वायूत २०० ग्रॅमपर्यंत जातो, पण धुरात त्याचेही आकडे ५०-६० ग्रॅमच्या आसपास राहतात.

आता हाच किलोभर कोळसा नुसता कार्बन म्हणून मोजा. त्यात तीन चतुर्थांश कार्बन धरला तर तो ७५० ग्रॅम होतो. हा कार्बन उसाने हवेतूनच घेतलेला आहे. ४४ ला १२ ने भागून येणाऱ्या गुणोत्तराने गुणले की तो २.७५ किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा ठरतो. म्हणजे कोळशाच्या छिद्रांत शुद्ध वायू भरून जेवढा राहील, त्याच्या पंचवीसपटीहून जास्त कार्बन कोळशाच्या अंगातच आहे. साठवण हाच हेतू असेल तर तो कोळसा मातीत मिसळा. ५००-६०० अंशांवर नीट भाजलेल्या कोळशाचा मोठा भाग जमिनीत शेकडो वर्षे टिकतो, टाकी लागत नाही आणि झडप गळण्याची भीतीही नाही. मात्र बगॅसला बॉयलरची आणि को-जनची (कारखान्यातल्या वीजनिर्मितीची) मागणी आहे. तो काढून घेतला तर त्याच्या जागी दुसरे इंधन जाळावे लागेल. त्यापेक्षा शेतात पेटवून दिले जाणारे पाचट, तुऱ्हाट्या किंवा माळावर माजलेली वेडी बाभूळ घ्या. वेडी बाभळीचा कोळसा जड आणि टणक असतो. टॉवरमध्ये भरण्यासाठीही तो बगॅसपेक्षा सरस ठरेल, असे माझे मत आहे.

छिद्रांत साठवण का परवडत नाही, हे मोठ्या आकड्यांवर आणखी स्पष्ट होते. सोलापूरजवळच्या फताटेवाडीचे एनटीपीसीचे औष्णिक केंद्र १,३२० मेगावॅटचे आहे. दर युनिटामागे सुमारे ०.९ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर पूर्ण भारावर ते दिवसाला २८ हजार टनांच्या आसपास वायू सोडेल. अधिशोषक टनामागे ४४ किलो वायू धरतो असे समजू. एका दिवसाचा धूर धरून ठेवायलाच साडेसहा लाख टन अधिशोषक लागेल, आणि दुसऱ्या दिवशी तेवढाच पुन्हा. पण तोच पदार्थ दर १० मिनिटांनी रिकामा करून परत वापरला, तर दिवसाला १४४ फेऱ्या होतात आणि साडेचार हजार टनांत काम भागते. म्हणून अधिशोषकाचे काम मिश्रणातून वायू उचलण्याचे आणि लगेच शुद्ध स्वरूपात सोडून देण्याचे असते. सोडलेला वायू कुठे ठेवायचा, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याकडे मी पुढे येतो.

या सोडण्यातच सगळा खर्च आहे. शोधनिबंधांत पदार्थ किती वायू धरतो याचे विक्रम ठळक छापले जातात. आम्ही टॉवरवाले मात्र दर फेरीला किती वायू आत गेला आणि किती बाहेर आला, एवढाच फरक मोजतो. विहीर किती खोल आहे यापेक्षा मोट दर खेपेला किती पाणी वर आणते, ते पिकाला महत्त्वाचे.

१३एक्स या बाजारात मिळणाऱ्या झिओलाइटचे उदाहरण घ्या. धुरातल्या ०.१५ बार अंशदाबाला (मिश्रणातल्या या एका वायूच्या वाट्याचा दाब; १ बार म्हणजे साधारण वातावरणाचा दाब) कोरड्या स्थितीत ते किलोमागे सुमारे १२० ग्रॅम वायू धरते. कोळशाच्या चौपट! पण व्हॅक्यूम पंपाने दाब ०.०५ बारपर्यंत उतरवला तरी त्यातले निम्म्याहून जास्त आतच अडकून राहतात, कारण झिओलाइटची पकड घट्ट असते. कोळशाची पकड सैल आहे, त्यामुळे त्याने धरलेल्या ३० ग्रॅमपैकी २० सहज सुटतात. चौपटीचा फरक असा दुपटीवर येतो. झिओलाइट तरीही पुढेच राहते, पण आलेखावर वाटते तेवढे नाही.

उष्णता देऊन वायू सोडवायचा असेल तर हिशेब असा बसतो. एक टन अधिशोषक ८० अंशांनी तापवायला साधारण ८० मेगाज्यूल लागतात, कारण बहुतेक अधिशोषकांची विशिष्ट उष्णता किलोमागे अंशाला १ किलोज्यूलच्या जवळपास असते. त्या टनातून ४४ किलो वायू सुटला, तर नुसत्या तापवण्यावर टनभर वायूमागे १.८ गिगाज्यूल गेले. पकड सोडवण्याची उष्णता मोलमागे, म्हणजे ४४ ग्रॅम वायूमागे, ४० किलोज्यूल धरली तर आणखी ०.९ गिगाज्यूल. एकूण २.७. पोलादी टॉवरचे वजन तापवण्याची उष्णता यात धरलेलीच नाही. दर फेरीची कमाई ४४ वरून ८८ किलोवर नेली तर हाच आकडा १.८ वर येतो. आज सर्वांत रुळलेली पद्धत म्हणजे पाण्यातल्या मोनोइथेनॉलअमाइनने वायू धुऊन घेणे. तिला टनामागे साडेतीन ते चार गिगाज्यूल लागतात, कारण द्रावणातले पाणीही प्रत्येक वेळी तापवावे लागते. घन अधिशोषकांकडे जग आशेने पाहते ते या फरकामुळे.

साखर कारखान्याच्या बाजूने एक गोष्ट आहे. टर्बाइनमधून बाहेर पडणारी कमी दाबाची वाफ तुमच्याकडे हंगामभर असते आणि तिचे तापमान या कामाला पुरेसे आहे. ती बहुतेक सगळी रस आटवण्यात खर्च होते हे खरे. पण जिथे वाफेची बचत झाली आहे, तिथे उरलेल्या वाफेचा हा उपयोग होऊ शकतो.

आता छिद्रांकडे येतो. प्रकल्पाची दिशा बहुतेक वेळा इथेच चुकते. कार्बन डायऑक्साइडचा रेणू ०.३३ नॅनोमीटरचा, नायट्रोजनचा ०.३६४ चा. आकारांत एवढा थोडा फरक असताना नुसती चाळणी लावून ते वेगळे करणे अवघड आहे. कामाला येतो तो विद्युतभाराच्या वाटणीतला फरक. कार्बन डायऑक्साइडचा चतुर्ध्रुव आघूर्ण (रेणूतला भार किती असमान वाटला आहे त्याचे माप) नायट्रोजनपेक्षा बराच मोठा आहे, त्यामुळे झिओलाइटमधले सोडियमचे आयन त्याला जोराने ओढतात. कोळशात असे आयन नसतात. तिथे छिद्राच्या दोन्ही भिंती एकाच वेळी रेणूला ओढतील इतके ते छिद्र अरुंद असावे लागते. शुद्ध वायूत, वातावरणाच्या दाबाला ०.८ नॅनोमीटरपर्यंतची छिद्रे उपयोगी पडतात. धुरासारख्या विरळ मिश्रणात ०.५ ते ०.६ नॅनोमीटरची छिद्रेच खरे काम करतात.

म्हणून ग्रॅमला ३,००० चौरस मीटर पृष्ठभाग मिळवण्याच्या मागे लागू नका. पोटॅशियम हायड्रॉक्साइड जास्त वापरले आणि तापमान ८०० अंशांवर नेले की छिद्रे रुंदावतात. पृष्ठभाग वाढलेला दिसतो आणि धुरातली पकड उलट कमी होते. कोळशाच्या दुप्पट वजनाचे पोटॅशियम हायड्रॉक्साइड आणि ६०० ते ७०० अंश, एवढ्यातच तुमचे चांगले नमुने निघतील. दुसरे म्हणजे, उणे १९६ अंशांवर नायट्रोजनने काढलेला बीईटी पृष्ठभाग (वायू चिकटवून मोजलेले क्षेत्रफळ) सर्वांत बारीक छिद्रे नीट दाखवत नाही, कारण त्या थंडीत नायट्रोजन तिथे शिरायलाच फार वेळ घेतो. शून्य अंशाला कार्बन डायऑक्साइडचाच समतापी आलेख (तापमान कायम ठेवून, दाबागणिक किती वायू धरला जातो तो) मागवा. त्यातून ही छिद्रे दिसतील.

ही क्रिया करताना काळजी घ्या. तापवलेल्या नळीत धातुरूप पोटॅशियम तयार होऊ शकते. त्यामुळे नळी नायट्रोजनच्या प्रवाहात पूर्ण थंड झाल्याशिवाय उघडायची नाही आणि नमुना थेट पाण्यात टाकायचा नाही. पोटॅशियम हायड्रॉक्साइड क्वार्ट्झची नळीही खाऊन टाकते, म्हणून नमुना निकेलच्या किंवा तत्सम बोटीत ठेवा. नंतर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने आणि भरपूर पाण्याने धुवा, सामू ७ येईपर्यंत. बगॅसमध्ये सिलिका बरीच असते. ती राखेत राहिली तर वजनात येते आणि किलोमागचे आकडे खाली ओढते.

पाणी हा या विषयातला सर्वांत मोठा अडसर आहे. ५० अंशांच्या ओल्या धुरात १२ टक्के वाफ असू शकते. बगॅसच्या बॉयलरमध्ये तर ती आणखी जास्त असते, कारण बगॅस निम्मा ओलाच जाळला जातो. धुरात पाचवा हिस्सा वाफ निघणे नेहमीचेच. १३एक्स झिओलाइटला पाण्याची ओढ कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त. ओला धूर थेट दिला तर काही फेऱ्यांतच ते पाण्याने भरते आणि वायूला जागाच उरत नाही. त्याला पुन्हा कामाचे करायला ३०० अंशांच्या वर तापवावे लागते. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत राज्यभर रुग्णालयांत ऑक्सिजनचे पीएसए (दाब चढवून-उतरवून वायू वेगळे करणारे) संच बसले. त्यांतही झिओलाइटच असते. ते नायट्रोजन धरते आणि ऑक्सिजन पुढे सोडते. कॉम्प्रेसरनंतरचा ड्रायर नीट सांभाळला नाही की ऑक्सिजनची शुद्धता का घसरते, त्याचे कारण हेच. तुमच्या कारखान्याच्या धुरासाठी झिओलाइट वापरायचे तर आधी ॲल्युमिना किंवा सिलिका जेलचा थर लावून धूर वाळवावा लागेल आणि तो खर्च मूळ कामाइतका होऊ शकतो. इथे कोळशाची बाजू भक्कम आहे. त्याची भिंत पाण्याला फारशी जवळ करत नाही, त्यामुळे मध्यम आर्द्रतेत तो बराच तग धरतो.

एमओएफविषयी हल्ली खूप बोलले जाते, आणि त्याला कारणही आहे. धातूचे आयन आणि सेंद्रिय दुवे जोडून केलेल्या या स्फटिकांच्या संशोधनासाठी सुसुमू कितागावा, रिचर्ड रॉब्सन आणि ओमर याघी यांना २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. मॅग्नेशियम-एमओएफ-७४ विरळ, कोरड्या मिश्रणात १३एक्सलाही मागे टाकते, पण दमट हवेत त्याची धारणा (वायू धरण्याची क्षमता) खालावते. माझे लक्ष त्याहून साध्या दिसणाऱ्या कॅल्फ-२० कडे जास्त आहे. जस्त, ट्रायअझोल आणि ऑक्झॅलेट अशा स्वस्त घटकांचे हे एमओएफ. त्याची धारणा विक्रमी नाही, पण सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांपर्यंत असली तरी ते पाण्याऐवजी कार्बन डायऑक्साइड पसंत करते, वाफेने तापवले तरी मोडत नाही आणि मोठ्या प्रमाणावर बनवता येते. त्याची माहिती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि सिमेंट कारखान्याच्या खऱ्या धुरावर ते चालवून पाहिले गेले आहे. अमाइन लावलेल्या सिलिकाचा एक वर्गही आहे. त्याची पकड मोलमागे ६० ते ९० किलोज्यूलची, म्हणून हवेतल्या ४२० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ४२० भाग) आसपासच्या वायूलाही ते धरते. तुमच्या प्रकल्पाला त्याची गरज नाही. हवेतून वायू काढण्याचे काम धुरापेक्षा कितीतरी महाग पडते, आणि ज्या जिल्ह्यात जास्त प्रमाणात हा वायू असलेले स्रोत पडून आहेत तिथे ते आधी करण्यात काही अर्थ नाही.

आपल्या उन्हाळ्याचाही विचार करावा लागेल. बहुतेक छापील आकडे २५ अंशांचे किंवा त्याहून खालच्या तापमानाचे असतात. मे महिन्यात सोलापुरात सावलीतच ४३-४४ अंश होतात. कोळशाची अधिशोषण उष्णता मोलमागे २५ किलोज्यूल धरली, तर २५ वरून ४५ अंशांवर जाताना विरळ वायूतली त्याची धारणा जवळपास निम्मी होते. वर अधिशोषण स्वतःच उष्णता सोडते. एका किलो झिओलाइटने ११० ग्रॅम वायू धरला की सुमारे १०० किलोज्यूल बाहेर पडतात. ती उष्णता कुठेच गेली नाही तर थराचे तापमान १०० अंशांनी चढेल. प्रत्यक्षात बरीचशी उष्णता वायू वाहून नेतो, पण ग्रॅमभर नमुन्यावर न दिसणारी ही गोष्ट टॉवरमध्ये हमखास त्रास देते. तुमचे मोजमाप ४५ अंशांवरही करा. सोलापुरातल्या प्रकल्पात तो आकडा नसला तर काम अपुरे राहील.

आता त्या सोप्या जागेविषयी. ती म्हणजे डिस्टिलरीचा फर्मेंटर. यीस्ट ग्लुकोजचे इथेनॉल करते तेव्हा १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम इथेनॉल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे लिटरभर इथेनॉलमागे सुमारे ७५५ ग्रॅम. रोज ६० हजार लिटर इथेनॉल करणाऱ्या डिस्टिलरीत दिवसाला ४५ टन. हाती थोडा कमी लागेल, पण तो जवळजवळ शुद्ध असतो. नायट्रोजनपासून वेगळा काढण्याचा खटाटोपच नाही. ज्या कामासाठी जगभर अधिशोषक शोधले जात आहेत, ते काम इथे यीस्टने आधीच करून ठेवले आहे. जिल्ह्यात इतके साखर कारखाने आणि त्यांना जोडलेल्या इतक्या डिस्टिलऱ्या असताना हा वायू हवेत सोडला जातो, याची मला मनापासून खंत वाटते.

जिथे तो गोळा केला जातो तिथे फेस अडवून, पाण्याने धुऊन, १५ ते २० बारपर्यंत दाबून तो ॲक्टिव्हेटेड कार्बनच्या टॉवरमधून नेतात. तिथे वास, अल्डिहाइड आणि गंधकाची संयुगे निघून जातात. पुढे ॲल्युमिना किंवा मॉलिक्युलर सिव्हचे दोन टॉवर असतात. एक वायू वाळवत असतो तेव्हा दुसरा तापवून रिकामा केला जातो. शेवटी उणे २० ते २५ अंशांवर वायू द्रवरूप होतो. असा संच पाहायला मिळाला तर जरूर पाहा. अधिशोषणाची फेरी पुस्तकापेक्षा तिथे लवकर समजते. मात्र फर्मेंटरच्या टाकीजवळ किंवा खालच्या खड्ड्याजवळ एकटीने जाऊ नका. हा वायू हवेच्या दीडपट जड असतो आणि खाली साचतो. हवेत ४ टक्के झाला तरी जिवाला तात्काळ धोका असतो, आणि त्याला वास नसल्याने नाकाला काही कळत नाही.

दुसरी जागा प्रेसमडच्या (उसाचा रस गाळून उरलेल्या गाळाच्या) बायोगॅसची. त्यात ३५ ते ४५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि बाकी बहुतेक मिथेन असतो. केंद्र सरकारच्या २०१८ च्या ‘सतत’ योजनेनंतर असा वायू शुद्ध करून सीबीजी (दाबलेला बायोगॅस) म्हणून विकणारे प्रकल्प उभे राहिले. त्यासाठी मिथेन किमान ९० टक्के असावा लागतो आणि तो तिथवर न्यायला अनेक ठिकाणी पीएसएच वापरतात. वायू ५-६ बारला दाबला की कार्बन डायऑक्साइडचा अंशदाब दोन बारच्या वर जातो. तिथे कोळशाची धारणा चांगली असते, आणि दाब उतरवला की वायू आपोआप सुटतो. तापवायची गरज नाही. तुमच्या बगॅसच्या किंवा बाभळीच्या कोळशाला आज खरी संधी आहे ती इथे. हायड्रोजन सल्फाइड मात्र आधी काढून टाकावा लागतो, नाहीतर छिद्रांत गंधक बसते. पीएसएच्या शेपटातून (बाहेर टाकल्या जाणाऱ्या वायूतून) मिथेन किती निसटतो तेही मोजा, कारण १०० वर्षांच्या हिशेबात टनभर मिथेन २५ टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो.

बगॅसच्या बॉयलरचा धूर तिसऱ्या क्रमांकावर येतो, कारण तो ओला आणि विरळ आहे. पण त्यातला कार्बन उसाचा, म्हणजे अलीकडेच हवेतून आलेला असल्याने तो कायमचा गाडता आला तर हवेतला साठा प्रत्यक्ष कमी होतो. फताटेवाडीचा धूर मी सर्वांत शेवटी ठेवीन. प्रमाण अवाढव्य, धुरात गंधकाचे आणि नायट्रोजनचे ऑक्साइड, आणि एवढा वायू पकडून न्यायचा कुठे हे ठरलेले नाही. एनटीपीसीनेच मध्य प्रदेशात विंध्याचलला २०२२ मध्ये दिवसाला २० टन पकडणारा संच उभारला. तोही अमाइन द्रावणाचा.

न्यायचा कुठे, या प्रश्नाचे सोलापुरातले उत्तर कठीण आहे. द्रवरूप वायू शीतपेयांत, वेल्डिंगमध्ये, कोरड्या बर्फात खपतो, पण काही दिवसांत किंवा आठवड्यांत तो पुन्हा हवेत जातो. त्याला साठवण म्हणता येणार नाही. आपण बेसॉल्टवर राहतो, म्हणून खडकाची आठवण लगेच येते. आइसलंडमध्ये कार्बफिक्स प्रकल्पात पाण्यात विरघळवलेला वायू बेसॉल्टमध्ये सोडला आणि त्यातला ९५ टक्के दोन वर्षांच्या आत कार्बोनेट खनिजांत बदलला, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. खडकातले कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह त्याला कायमचे बांधून ठेवतात. आपल्या दख्खनच्या बेसॉल्टमध्येही ही मूलद्रव्ये आहेत.

पण त्या पद्धतीला टनभर वायूमागे साधारण २५ टन पाणी लागते. वर सांगितलेल्या एका डिस्टिलरीच्या ४५ टनांसाठी रोज ११ लाख लिटरहून जास्त पाणी. उजनीच्या पाण्यावरून दर उन्हाळ्यात वाद होतात, शहरात वर्षानुवर्षे नळाला रोज पाणी आले नाही, त्या जिल्ह्यात हा हिशेब बसत नाही. पाण्याशिवाय, दाबलेला वायूच खडकात सोडण्याचा प्रयोग अमेरिकेत वॉलुला येथे २०१३ मध्ये सुमारे हजार टनांवर झाला. त्याला मात्र खोली लागते. ३१ अंश आणि ७४ बारच्या वर हा वायू दाट होतो, म्हणजे साधारण ८०० मीटर खाली. सह्याद्रीत बेसॉल्टचे थर जाड आहेत, पूर्वेकडे ते पातळ होत जातात. १९९३ च्या भूकंपानंतर शेजारच्या किल्लारीत खोदलेल्या विहिरीत बेसॉल्ट ३३८ मीटरवरच संपला. शिवाय आपल्या विहिरी आणि बोअर याच खडकाच्या वरच्या थरांतून पाणी घेतात. त्यामुळे घाट परिसरातील जाड थरांचा अभ्यास व्हावा या मताचा मी आहे, पण सोलापूरच्या जमिनीखाली वायू सोडण्याची घाई करू नये. या विषयाचे राष्ट्रीय उत्कृष्टता केंद्र आयआयटी मुंबईत आहे. एम.एस्सी.नंतर पुढे जायचे ठरवलेत तर तिथले काम जरूर पाहा.

आता प्रयोगशाळा. महागडे यंत्र नसले तरी हे काम होते. बोटभर जाडीच्या नळीत नमुना भरा, नायट्रोजनमध्ये १५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेले मिश्रण सोडा आणि बाहेर पडणाऱ्या वायूत अवरक्त सेन्सरने प्रमाण मोजत राहा. सुरुवातीला शून्य येते, मग आकडा चढतो आणि शेवटी आतल्याइतका होतो. या आलेखावरून किती वायू धरला गेला आणि तो किती वेगाने भरला, दोन्ही कळते. त्याच नळीत, त्याच प्रवाहात बाजारातले १३एक्स आणि करवंटीचा कोळसाही मोजा. तुलना नसेल तर तुमच्या आकड्याचा अर्थ कोणालाच लावता येणार नाही. आधी कोरडे मिश्रण, मग पाण्याच्या बाटलीतून बुडबुडे काढून ओले केलेले. तोलून मोजत असाल तर वाढलेले वजन पाण्याचे नाही ना, हे तपासा. दमट दिवशी उघडे ठेवलेले झिओलाइट खोलीतली वाफ ओढून भरपूर धारणा असल्याचे भासवते.

नमुना किमान ५० वेळा भरून-रिकामा करून पाहा आणि शेवटच्या दहा फेऱ्यांची सरासरी द्या, पहिल्या फेरीची नको. धारणा ग्रॅमला सांगता तशी लिटरलाही सांगा. बगॅसचा कोळसा फार हलका असतो. शुद्ध वायूत किलोमागे १५० ग्रॅम धरणारा कोळसा लिटरला २५० ग्रॅमच भरत असेल तर लिटरमागे ३७ ग्रॅम झाले. १३एक्स लिटरला ६५० ग्रॅम बसते आणि लिटरमागे १३० ग्रॅम देते. टॉवरचा खर्च लिटरवर ठरतो. त्याच कोळशाची बेंटोनाइटसारख्या बंधकाने गोळी करून घनता वाढवता येते का, हा स्वतंत्र आणि फार उपयोगी प्रश्न आहे. बंधकाने धारणा किती घटली आणि गोळी किती वजन पेलते, या दोन आकड्यांवरच एक चांगला प्रबंध होईल. वेळ उरला तर औष्णिक केंद्राच्या राखेपासून कॉस्टिक सोड्याने वितळवून झिओलाइट करून पाहा. ते जमते, पण राखेतले लोह आणि न बदललेले क्वार्ट्झ धारणा कमी करतात, म्हणून त्याला १३एक्सच्या बरोबरीचे समजू नका.

एक सुचवतो. धुराच्या मिश्रणाबरोबर ४० टक्के कार्बन डायऑक्साइड आणि ६० टक्के मिथेन हेही मिश्रण, पाच बारला, एकदा मोजा. मिथेनसाठी आणि दाबासाठी गळती तपासणी आणि हवेशीर खोली लागेल, त्यामुळे मार्गदर्शकांच्या उपस्थितीतच. कोरड्या वायूवरची मोजमापे दिवाळीपर्यंत उरका. गाळप सुरू झाले की कारखान्याच्या परवानगीने बॉयलरच्या खऱ्या धुराचा नमुना मिळेल, आणि तुमचा कोळसा तेव्हा काय करतो ते त्याच नळीत पाहता येईल.